वाचन, गप्पा आणि अर्थ : मराठी घरांचा मागोवा

वाचलेला मजकूर मुलाला समजतो तो दोन गोष्टींच्या बळावर : अक्षरे सहज उलगडणे आणि त्यामागची भाषा व जग ओळखीचे असणे. पहिली गोष्ट बहुतेक मुले शाळेत शिकतात. दुसरी बोलण्याऐकण्यातून वाढते आणि तिची सुरुवात घरात होते. महाराष्ट्रात गेल्या शतकभरात घरातील या बोलण्याचे स्थान अनेकदा बदलले.

साक्षरता मोजक्यांपुरती होती, तेव्हाही वाचन एकट्याचे नव्हते. चातुर्मासात श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ एक जण वाचे, ओवीचा अर्थ सांगे, आणि वाचता न येणारेही त्यात सहभागी होत. अवघड शब्द मुलांच्या कानी पडत ते प्रसंगासह. 1906 मध्ये वा. गो. आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि मुलांसाठीचा स्वतंत्र मजकूर नियमितपणे घरात येऊ लागला. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचनाच कथनाची आहे. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना एक आठवण सांगतो. त्यामुळे हे पुस्तक घरोघरी मोठ्याने, एकेक रात्र करून वाचता आले.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या आणि छापील मजकूरही वाढला. 1952 पासून मराठीत निघालेल्या ‘चांदोबा’तील वेताळकथा प्रश्नावर येऊन थांबत. विक्रमाचे उत्तर वाचण्याआधी ‘तुला काय वाटतं?’ असे मुलाला विचारण्याची ती उत्तम जागा होती. 1967 मध्ये ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि 1971 मध्ये तिचे ‘किशोर’ मासिक निघाले. मात्र याच काळात परीक्षेचे वजन वाढत गेले. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे गाइडमधून पाठ करणे म्हणजे अभ्यास, अशी समजूत अनेक घरांत रुजली. मजकुरावरच्या गप्पा मागे पडल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी व कोसबाडचे काम वेगळ्या वाटेचे होते. त्यांनी वस्तीतल्या अंगणातच गाणी, गोष्टी आणि संवाद यांतून मुलांची भाषा फुलवली.

2005 पासून ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांकडून अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचून घेऊ लागले. अनेक वर्षे शाळेत जाऊनही पुष्कळ मुलांना सोपी गोष्ट वाचता येत नाही, हे पालकांना आपल्याच उंबऱ्यात दिसले. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ संस्थेने वाचन शिकवताना अर्थावर भर दिला. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या चित्रपुस्तकांत मुलांना ओळखीचे कुटुंब भेटले. अशा पुस्तकावरून ‘आपल्या घरी कोण काय करतं?’ अशा गप्पा आपोआप निघतात.

2020 मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिकण्याचा मोठा भार घरावर आला. पुढे 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता गट उभे राहिले. मोबाइलवर आलेले छोटे उपक्रम आया मुलांकडून करून घेऊ लागल्या. कमी शिकलेली आईही मुलाची समज वाढवू शकते, हा विचार यातून ठळक झाला.

या साऱ्या वाटचालीतून घरात करण्याजोग्या कृती स्पष्ट झाल्या आहेत. वाचण्याआधी मुखपृष्ठ पाहून गोष्टीचा अंदाज बांधावा. मध्येच थांबून पुढे काय होईल ते विचारावे. वाचून झाल्यावर मुलाने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावी, तिचे चित्र काढावे किंवा ती करून दाखवावी. ‘कोण’ आणि ‘कुठे’ यांची उत्तरे बहुधा ओळीत सापडतात. ‘का’ आणि ‘तू काय केलं असतंस’ यांसाठी विचार करावा लागतो, म्हणून असे प्रश्न अधिक हवेत. चुकलेल्या उत्तरावर न रागावता ‘तुला हे कुठून कळलं?’ असे विचारले की मूल पुन्हा मजकुराकडे वळते. वारली, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरांत ही चर्चा घरच्याच बोलीत व्हावी, कारण त्या बोलीत जमलेली समज पुस्तकातली प्रमाण मराठी वाचतानाही कामी येते.