नारायामा बुशिको (१९५८ चा चित्रपट)

नारायामा बुशिको हा १९५८ साली प्रदर्शित झालेला जपानी चित्रपट आहे. दिग्दर्शक केइसुके किनोशिता असून निर्मिती शोचिकु या संस्थेची आहे. अन्नाचे दुर्भिक्ष असलेल्या डोंगराळ खेड्यात सत्तरी गाठलेल्या माणसाला नारायामा डोंगरावर नेऊन सोडण्याची प्रथा हा त्याचा विषय होय. ही कथा वास्तववादी पद्धतीने न सांगता काबुकी या पारंपरिक रंगभूमीच्या पद्धतीने सांगितली आहे, आणि त्यामुळेच जपानी चित्रपटाच्या इतिहासात या कृतीला वेगळे स्थान आहे.

== मूळ कथा ==
शिचिरो फुकाझावा यांची याच नावाची कथा १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला चुओ कोरोन या मासिकाचा नवलेखक पुरस्कार मिळाला. फुकाझावा हे व्यवसायाने गिटारवादक होते. कथेमागे ‘ओबासुते’, म्हणजे म्हाताऱ्या बाईला टाकून देणे, ही जुनी लोककथा आहे. ‘यामातो मोनोगातारी’ या प्राचीन कथासंग्रहात ती आढळते. ‘ओबासुते’ नावाचे एक नो नाटकही आहे. अशी प्रथा प्रत्यक्षात सर्रास चालत असल्याचा भरवशाचा ऐतिहासिक पुरावा मात्र नाही. चित्रपट पाहून जपानी समाजाविषयी थेट निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

== कथानक ==
ओरिन (किनुयो तानाका) ही ६९ वर्षांची विधवा आहे. नवे वर्ष लागले की तिने डोंगरावर जायचे आहे आणि त्याची तयारी ती स्वतःच करते. मुलगा तात्सुहेइ (तेइजी ताकाहाशी) विधुर आहे. शेजारच्या गावची तामा (युको मोचिझुकी) त्याची दुसरी बायको म्हणून येते, तेव्हा ओरिनला हायसे वाटते. मासे नेमके कुठे सापडतात हे घरातल्या कोणालाही न सांगितलेले गुपित ती या नव्या सुनेला दाखवते. सत्तेची नव्हे, तर जबाबदारीची किल्ली हाती द्यावी तसा तो प्रसंग आहे.

ओरिनचे दात अजून शाबूत आहेत, आणि उपासमारीच्या गावात म्हातारपणी धड दात असणे ही लाजेची गोष्ट मानली जाते. नातू केसाकिची त्यावरून गाणी रचून आजीची थट्टा करतो. त्याची बायको गरोदर आहे. पणतवंडाचे तोंड पाहणे हीसुद्धा तिथे नामुष्कीच. शेवटी ओरिन दगडी जात्यावर तोंड आपटून स्वतःचे दात पाडते आणि रक्ताळलेल्या तोंडाने समाधानाने हसते. हा प्रसंग पाहणे सोपे नाही.

शेजारचा म्हातारा माता (सेइजी मियागुची) याला मात्र जायचे नाही. मुलगा त्याला उपाशी ठेवतो आणि अखेर दोरीने बांधून नेतो. ओरिन स्वखुशीने जाते आणि माता ओढला जातो. दोघांना शेजारी ठेवल्यामुळे प्रथेच्या उदात्ततेवर प्रेक्षकाचा विश्वास बसू शकत नाही.

डोंगराचे नियम तीन: जाताना कोणाच्या नजरेस पडायचे नाही, डोंगरावर बोलायचे नाही, परतताना मागे वळून पाहायचे नाही. तात्सुहेइ आईला पाठीवर घेऊन निघतो. माथ्यावर हाडे आणि कावळे. तो परत फिरतो तोच बर्फ पडू लागते. हा शुभशकुन समजला जात असल्याने तो नियम मोडून धावत मागे जातो आणि आईला बर्फ पडत असल्याचे सांगतो. ती हातानेच त्याला परत जाण्याची खूण करते.

== काबुकी शैली ==
काळ्या वेषातला कुरोको पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना खेळाची सूचना देतो, मग पडदा सरतो. कुरोको हा काबुकीतला साहाय्यक रंगमंचावर वावरतो, पण तो दिसतच नाही असे प्रेक्षकाने मानायचे असते.

शेवटचे दृश्य सोडल्यास जवळजवळ सारा चित्रपट स्टुडिओत उभारलेल्या नेपथ्यावर चित्रित झाला. नेपथ्य किसाकु इतो यांचे आहे. आकाश रंगवलेले आहे, झाडे आणि ओढे कृत्रिम आहेत, आणि हे लपवण्याचा कोणताही प्रयत्न नाही. एक प्रसंग संपला की मागचा पडदा एकदम खाली पडतो आणि त्यामागे दुसरेच स्थळ दिसते. ही काबुकीतलीच क्लृप्ती. प्रकाश भावनेप्रमाणे अचानक लाल किंवा हिरवा होतो. छायालेखक हिरोशी कुसुदा यांचा कॅमेरा रुंद पडद्यावर आडवा सरकत राहतो, त्यामुळे लांबलचक रंगमंच डोळ्यांपुढून जात असल्याचा भास होतो.

संगीताचे काम याहून मोठे आहे. नागाउता हे काबुकीचे गायन आणि जोरुरी हे मूळचे बाहुलीनाट्यातले, शामिसेनच्या साथीवरचे कथन. दोन्हींचा येथे उपयोग केला आहे. पात्र जे बोलू शकत नाही ते गायक सांगतो. मराठी वाचकाला येथे सूत्रधार आठवेल, परंतु सूत्रधार नाटकाची ओळख करून देतो, तर जोरुरीचा गायक पात्राच्या मनातच शिरतो. डोंगरावर बोलण्यास मनाई असल्याने अखेरच्या प्रवासात या स्वराला विशेष अर्थ येतो: माय-लेकांचे मौन तो भरून काढतो.

अभिनय मात्र काबुकीचा नाही. काबुकीत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करतात. येथे त्या स्त्रियांनीच केल्या आहेत. तानाका यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या आत होते, तरी वाकलेली पाठ आणि सावकाश हालचाली यांतून त्यांनी म्हातारी उभी केली. रंगवलेल्या आकाशाखाली हा संयत अभिनय अधिकच खरा वाटतो. कृत्रिम मांडणीमुळे दुःख सौम्य होते, असा आक्षेप घेता येईल. दात पाडण्याचा प्रसंग पाहिल्यावर तो टिकत नाही.

बर्फाच्या दृश्यानंतर चित्रपट एकदम रंगहीन होतो. खरे रेल्वे स्थानक, वाफेची गाडी आणि ‘ओबासुते’ ही पाटी दिसते. नागानो प्रांतात या नावाचे स्थानक आजही आहे. सारा वेळ रंगमंचावर असलेला प्रेक्षक या एका दृश्याने आपल्या काळात येऊन पडतो.

== प्रतिसाद ==
‘किनेमा जुंपो’ या चित्रपटविषयक नियतकालिकाने १९५८ च्या सर्वोत्कृष्ट जपानी चित्रपटाचा मान यास दिला. त्याच वर्षी तो व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. शोहेइ इमामुरा यांनी याच कथेवर १९८३ मध्ये दुसरा चित्रपट काढला. त्यात रंगवलेले नेपथ्य नाही. खरा डोंगर, खरी थंडी आणि प्राण्यांसारखे जगणारी माणसे आहेत. त्या चित्रपटाला कान महोत्सवात ‘पाम द’ओर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.