मालक नसलेलं घर : नॉर्वेच्या डोंगरातल्या दोन रात्री

 

आज आपण जाणार आहोत नॉर्वेला, हार्डांगरविड्डा नावाच्या उघड्याबोडक्या पठारावर. तिथे एका लाकडी केबिनमध्ये मी दोन रात्री राहिलो. वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. आणि गंमत म्हणजे मालकही नाही, मॅनेजरही नाही. तरी आत कोरडं सरपण, गाद्या, पांघरुणं आणि फडताळात शिधा. हे चालतं कसं?

एक किल्ली, शेकडो दारं

या केबिन चालवते नॉर्वेची ट्रेकिंग संघटना, डीएनटी. स्थापना १८६८ सालची. आज देशभर त्यांच्या पाचशेहून जास्त केबिन आहेत आणि बरीचशी देखभाल स्वयंसेवक करतात. केबिन तीन प्रकारच्या. पहिलीत माणसं असतात, गरम जेवण मिळतं. दुसरीत माणूस नाही, पण शिधा असतो. तिसरीत भांडी, सरपण सगळं आहे, फक्त खायचं आपलं आपण न्यायचं. माझी दुसऱ्या प्रकारातली होती.

सभासद झालात आणि डिपॉझिट भरलं की एक किल्ली मिळते. माणूस नसलेल्या बहुतेक कुलूपबंद केबिनना तीच लागते.

हिशोब कोण ठेवतं?

तुम्हीच! आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे वहीत नाव लिहायचं. कुठून आलो, उद्या कुठे जाणार, तेही लिहायचं. कारण तुम्ही हरवलात तर शोधणारे आधी हीच वही बघतात.

फडताळात ओट्स, सुपाची पाकिटं, पास्ता, कुरकुरीत सुक्या पोळ्यांसारखा क्रिस्पब्रेड, डबाबंद पदार्थ. शाकाहारी माणसाचं भागतं. मी फक्त गोडा मसाला आणि लसणाची चटणी नेली होती. जे खाल्लं ते लिहायचं आणि पैसे भरायचे. पूर्वी फॉर्म भरून पेटीत टाकायचा, आता बहुतेक ठिकाणी ॲपवरून. बघायला कोणी नसतं. सगळ्यांनी फुकट खायचं ठरवलं, तर ही व्यवस्था टिकणारच नाही.

पुढच्या माणसासाठी

मी पोचलो तेव्हा अंगावरचं सगळं भिजलेलं होतं. जुलै असूनही बोटं इतकी गारठली होती की बुटांची लेस सुटेना. अशा हातांनी कुऱ्हाड काय चालवणार? पण चुलीशेजारी बारीक ढलप्यांची टोपली भरून ठेवलेली होती. काडी ओढली आणि जाळ धरला. ती टोपली आधी राहून गेलेल्या कुणीतरी भरली होती. ते कोण, मला कधीच कळणार नाही.

म्हणून निघताना लाकूड फोडून ठेवायचं, भांडी घासायची, जमीन झाडायची. राख पूर्ण विझल्याची खात्री करून बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. लाकडी घराला एक निखारा पुरतो. पाणी ओढ्यातून बादलीने आणायचं, पण ओढ्यात साबण लावायचा नाही. संडास बाहेर, वेगळ्या खोपटात. गाद्यांवर अंथरायला आपली चादरीची पिशवी न्यावीच लागते.

आणि एक जिवाचं : चूल धगधगत असताना धुराड्याची झडप बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच घात होतो. खिडकीची फट उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

परत फिरण्यात लाज नाही

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत. त्यातला मला सगळ्यात आवडलेला : वेळेत परत फिरा, त्यात लाज नाही. दगडांच्या राशींवर रंगवलेलं लाल ‘टी’ अक्षर वाट दाखवतं, पण धुकं उतरलं की तेही दिसत नाही. पुढची केबिन गाठायचीच, हा हट्ट तिथे महागात पडतो. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्याखाली रीलसाठी उभं राहणाऱ्यांनी हा नियम मोबाइलच्या वॉलपेपरवर लावावा!

जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर बरा. त्याआधी उंचावर बर्फ असतो. आणि गडावरच्या देवळात मुक्काम करणाऱ्यांनो, किल्लीची वाट कशाला बघता? पुढच्या वेळी उतरताना चुलीपाशी चार सुक्या काटक्या ठेवून या.