मानवी ऊतकातील फॉस्फोरिलित प्रथिनांचा शोध : पद्धती व नमुना-संकलनाचे महत्त्व

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कोणत्या अवयवाचा कर्करोग किती लोकांना होतो, हे अशा नोंदणीतून कळते. परंतु अर्बुदाच्या पेशीत नेमका कोणता बिघाड झाला आहे, हे जाणण्यासाठी ऊतकातील प्रथिनांचाच अभ्यास करावा लागतो. प्रस्तुत लेखात त्यांपैकी फॉस्फोरिलित प्रथिनांच्या शोधाचे विवेचन केले आहे.

फॉस्फोरिलीकरणाचे स्वरूप

कायनेज ही विकरे प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांना फॉस्फेट गट जोडतात, तर फॉस्फेटेज ही विकरे तो काढून टाकतात. या क्रियेमुळे प्रथिनाचे कार्य एखाद्या कळीप्रमाणे चालू वा बंद होते. या शोधासाठी एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काही कर्करोगांत एखादे कायनेज अखंड कार्यरत राहते. इमॅटिनिबसारखी औषधे अशा कायनेजलाच रोखतात. मात्र ही कळ चालू आहे की बंद, हे प्रथिनाच्या केवळ प्रमाणावरून समजत नाही.

शोधाची पद्धती

प्रथम ऊतकातील प्रथिने वेगळी करून ट्रिप्सिन या विकराने त्यांचे पेप्टाइड नावाचे लहान तुकडे करतात. त्यांत फॉस्फेटयुक्त पेप्टाइड अत्यल्प असतात. म्हणून आम्लधर्मी द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडच्या किंवा लोहाचे आयन धारण करणाऱ्या कणांवर ते अडकवून इतरांपासून वेगळे केले जातात. त्यानंतर द्रव वर्णलेखनाने विलग झालेले पेप्टाइड विद्युत्भारित होऊन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये म्हणजेच वस्तुमान वर्णपटमापकात शिरतात. मोठे जैविक रेणू न मोडता असे भारित करण्याच्या पद्धतींबद्दल जॉन फेन व कोइची तानाका हे २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

एक फॉस्फेट गट जोडला गेल्यास पेप्टाइडचे वस्तुमान सुमारे ७९.९७ डाल्टनने वाढते. उपकरण वस्तुमान व भार यांचे गुणोत्तर मोजत असल्याने, दोन भार असलेल्या पेप्टाइडमध्ये हा फरक सुमारे ४० एवढा दिसतो. पुढे वायूच्या रेणूंशी टक्कर घडवून पेप्टाइड फोडला जातो आणि कोणत्या तुकड्यात वाढीव वस्तुमान आहे, यावरून फॉस्फेटचे स्थान निश्चित होते.

नमुना-संकलन : कळीचा प्रश्न

शस्त्रक्रियेत ऊतकाचा रक्तपुरवठा तुटला तरी त्यातील विकरे लगेच थांबत नाहीत. प्राणवायूच्या अभावाने ताणाशी संबंधित कायनेज जागृत होतात, तर फॉस्फेटेज अन्यत्र फॉस्फेट काढत राहतात. स्तन व अंडाशयाच्या अर्बुदांवरील २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात, तासाभरात प्रथिनांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. फॉस्फोरिलीकरणात मात्र काही मिनिटांतच बदल दिसू लागले. अशा नमुन्याचे विश्लेषण कितीही अचूक केले, तरी त्यातून रुग्णाच्या शरीरातील स्थितीऐवजी तबकातील ऊतकाची स्थिती कळण्याचा धोका असतो. फॉर्मॅलिन ऊतकात सावकाश झिरपत असल्याने तेही हा बदल तत्काळ रोखू शकत नाही. म्हणून ऊतक काढताच उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवणे आणि पुढे प्रथिने वेगळी करताना फॉस्फेटेजरोधक द्रव्ये वापरणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

महागडी उपकरणे प्रत्येक जिल्ह्यात असण्याची गरज नाही. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र २०१८ मध्ये कर्करोग-प्रथिनांच्या आंतरराष्ट्रीय संशोधनात सहभागी झाली. गोठवलेले ऊतक अशा केंद्रांपर्यंत नेता येते. गोठवण्याचे काम मात्र शस्त्रक्रियागृहाच्या दारातच व्हावे लागते. द्रवरूप नायट्रोजन ग्रामीण भागाला अपरिचित नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठीच्या गोठित रेतमात्रा त्यातच साठवल्या जातात. रुग्णाची संमती, नैतिक समितीची मान्यता, गोठवणुकीची सोय आणि ऊतक काढल्याच्या व गोठवल्याच्या वेळेची काटेकोर नोंद एवढे साधल्यास सोलापूरसारख्या जिल्ह्यातील रुग्णांचे नमुनेही या संशोधनात विश्वासार्ह ठरू शकतील.