बंद संगणकाची किल्ली

इंदूरच्या राजवाड्यावरून जेल रोडकडे वळले, की मोबाईल आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची दाटी लागते. त्या गर्दीत जुना संगणक काखोटीस मारून, त्याचे काय करावे याची चौकशी करणारे गृहस्थही आढळावयाचेच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबविली आणि घराघरांतील धडधाकट यंत्रे एकाएकी म्हातारी ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. तो नसला म्हणजे यंत्र मोडीत काढावे, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला घाईचा आहे. एक पेनड्राइव्ह आणि काही मोफत साधने यांच्या बळावर अशा यंत्रांपैकी पुष्कळशी लिनक्सवर सुखाने चालू शकतात.

राजवाड्याच्या देवडीवरील पहारेकरी डोळ्यांपुढे आणा. संगणकाची कळ दाबताच प्रथम जागा होतो तो असाच एक पहारेकरी. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो स्वतः कारभार पाहत नाही, कारभारी कोठे आहे एवढेच शोधतो, आणि तेही ठरलेल्या जागी. म्हणून प्रणालीची आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवली, तर त्याच्या दृष्टीने ती एक बंद पेटी होय. पेटी उघडून आतील सामान जागच्या जागी मांडावे लागते.

ही मांडणी करणारे रुफस हे साधन पीट बटार्ड यांनी २०११ साली प्रथम प्रसिद्ध केले. ते अगदी लहानसे, पण विंडोजवरच चालणारे आहे. एचर हे मॅक आणि लिनक्सवरही चालते. २०२० साली आलेल्या व्हेन्टॉयने तर पेटी उघडण्याचा खटाटोपच वाचविला: पेनड्राइव्ह एकदा सिद्ध करावा, मग हव्या तितक्या आयएसओ फायली त्यावर ठेवाव्यात आणि सुरू करताना यादीतून एक निवडावी. तिन्ही साधनांचा मूळ संकेत सर्वांस खुला आहे. माझा कल व्हेन्टॉयकडे आहे. मात्र एखाद्या हट्टी यंत्रापुढे रुफसच कामी येतो.

साधन फुकट असले, तरी निष्काळजीपणा महागात पडतो. पेनड्राइव्ह सिद्ध होताना त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. यादीत शेजारीच दिसणारी दुसरी डिस्क चुकून निवडली, तर मुलांची छायाचित्रे आणि वर्षांचे हिशेब क्षणार्धात जातात. साधन त्याच्या कर्त्याच्या मूळ स्थळावरूनच घ्यावे, आणि आयएसओ फाईलची एसएचए-२५६ ही ओळखखूण ताडून पाहावी.

आता यंत्र सुरू करताना एफ१२, एस्केप किंवा त्या बनावटीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडावा. उबुंटू, किंवा आपल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेली बॉस, अशी प्रणाली आतील डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. विंडोज सुरूच होत नसेल, तर याच वाटेने कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर हलविता येतात. वायफाय लागले, आवाज आला, मराठी टंकलेखन जमले, एवढे पाहूनच मग कायमच्या स्थापनेची कळ दाबावी.