सहावा तुकडा

१७ सप्टेंबर २०२४. आपल्याकडे अनंत चतुर्दशी. गावोगाव गणपती विसर्जनाची धांदल चाललेली, आणि मी मात्र दूर चीनमध्ये, हांगचौ शहराजवळच्या एका खेड्यात भाताच्या बांधावरून चाललो होतो. शेतीच्या शिक्षणासाठी तिकडे गेलो आणि गणपती पहिल्यांदाच घराबाहेर गेले. माझे उतरलेले तोंड पाहून वर्गातला मित्र म्हणाला होता, "आज आमचाही सण आहे. वसतिगृहात एकटा बसू नकोस, घरी चल."

हा सण शरद ऋतूच्या मध्यावरच्या पौर्णिमेचा. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पंधरावी तिथी. ती बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास येते. कधी अधिक महिन्याच्या फेरामुळे कोजागरीशीही गाठ पडते, तशी ती २०२५ साली ६ ऑक्टोबरला पडली. पीक हाताशी येण्याचे हे दिवस. पूर्वी बादशहा चंद्राची पूजा करीत, तर खेड्यापाड्यांत नव्या पिकाचा आणि फळांचा नैवेद्य दाखवीत. २००८ पासून या दिवशी सरकारी सुट्टी असते.

अंगणात टेबल मांडले होते. पाहतो तो काय, वर पपनस, उकडलेले शिंगाडे आणि अळकुड्या! परमुलखात आपलीच परडी कोणी मांडून ठेवावी तसे वाटले. मधोमध सणाचे खास पक्वान्न, 'युएबिंग', म्हणजे चंद्राची पोळी. लाकडी साच्यात दाबून वर नक्षी उठवायची आणि भट्टीत भाजायची. आत कमळाच्या बियांचे किंवा तांबड्या कडधान्याचे गोड पुरण. काहींत बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा बलक घालतात. कापल्यावर तो पूर्ण चंद्रासारखा दिसतो. पारीत कधी डुकराची चरबी असते, म्हणून शाकाहारी माणसाने विचारूनच घ्यावे. माझ्यासाठी त्यांनी आठवणीने तेलातली, बिनअंड्याची आणली होती.

मित्राच्या आजीला मीही 'नायनाय' म्हणू लागलो. तिने गोष्ट सांगितली. छांग-अ नावाच्या स्त्रीने अमरपणाचे औषध घेतले आणि ती चंद्रावर गेली. नवरा मात्र पृथ्वीवरच राहिला. चंद्रावर तिच्या सोबतीला एक ससा आहे. मी म्हणालो, "आम्हीही चंद्रावर ससाच पाहतो, म्हणून त्याला शशांक म्हणतो." म्हातारी खूश झाली. त्याच वर्षी जूनमध्ये छांग-अच्या नावाचे चिनी यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती घेऊन आले होते, हेही तिने अभिमानाने सांगितले.

मग तिने सुरी घेतली. आजी, मित्राचे आईवडील, मित्र आणि मी, असे आम्ही पाच. तिने तुकडे केले सहा. सहावा ताटलीत ठेवून वर वाटी झाकली. थोरला नातू दक्षिणेत शेनचेनच्या कारखान्यात होता, त्याला येता आले नव्हते. घरातले माणूस बाहेर असले तरी त्याचा वाटा काढायचा, अशी जुनी रीत. पोळी गोल, चंद्र गोल, तसे घरही पुरे असावे, एवढाच या सणाचा अर्थ.

रात्री आठला मी घरी फोन लावला. आपल्याकडे साडेपाच झाले होते. मागे ढोल वाजत होते. इकडे आदल्या दिवशी शांघायला धडकलेल्या वादळाचे ढग रेंगाळत होते, चंद्र मधूनच डोकावत होता.

आई म्हणाली, "इथं अजून उगवला नाही रे. तुला दिसतोय ना?"

मी तिला सहाव्या तुकड्याची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "त्या आजींना माझा नमस्कार सांग. लेकरू लांब असलं की घास कसा अडतो, ते त्यांना कळतं."

माझी चिनी भाषा तोडकीमोडकी. मित्राने ते समजावून सांगितले. नायनायने डोळे पुसले, स्वतःच्या तुकड्याचे दोन भाग केले आणि त्यातला एक ताटलीत ठेवला.

"हा तुझ्या आईचा," ती म्हणाली, आणि वाटी पुन्हा झाकली.