लेकीकडे जाताना विम्याचा कागद वाचा

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आई बॅग भरताना डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी, सगळं आठवणीनं घेते. विमा मात्र तिकिटाबरोबर एजंटनं उरकून टाकलेला असतो. मुक्काम सहा महिन्यांचा, वय पासष्ट, रोज सकाळी रक्तदाबाची गोळी. आणि पॉलिसीत काय लिहिलंय ते घरात कुणीच वाचलेलं नसतं. विम्याच्या कामात अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आपला इथला मेडिक्लेम सहसा भारताबाहेर चालत नाही. परदेशासाठी वेगळी पॉलिसी लागते. युरोपातल्या शेंगेन देशांनी २००४ पासून व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचाच केला आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मात्र अशी सक्ती नाही. म्हणजे जिथे दवाखाना सर्वांत महाग, तिथेच माणूस विम्याशिवाय उतरू शकतो!

'तिकडे इमर्जन्सीत कुणाला परत पाठवत नाहीत,' असं आपण ऐकतो. ते खरं आहे. १९८६ च्या कायद्यानं तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं रुग्णालयांवर बंधनकारक आहे. पण ते फुकट नाही. बिल मागाहून घरी येतं, आणि बऱ्याचदा एकच येत नाही. रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, रुग्णवाहिकेचं वेगळं. तिथल्या ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे, पण पाहुण्या आईवडिलांना तिचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा, आधीपासूनच्या आजारांचा. अर्जात प्रश्न असतो: पूर्वीचा काही आजार आहे का? हप्ता वाढेल किंवा पॉलिसी नाकारतील या भीतीनं तिथे 'नाही' लिहिलं जातं. कधी एजंटच तसं सुचवतो. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "गोळी घेतली की माझं बीपी नॉर्मल असतं, मग आजार कुठे आहे?" विमा कंपनीच्या लेखी ती गोळीच आजाराचा पुरावा. मोठा दावा आला की कंपनी इथल्या फॅमिली डॉक्टरचे जुने कागद मागवते. त्यात दहा वर्षांची मधुमेहाची नोंद निघाली आणि अर्जात 'नाही' असलं, तर हृदयविकाराच्या झटक्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. ते बिल मग मुलगी-जावयाच्या दारात येऊन पडतं, तेही घरात तान्हं मूल असताना.

खरं सांगितलं म्हणून सगळा खर्च मिळतो असंही नाही. बऱ्याच पॉलिसी जुन्या आजारासाठी काहीच देत नाहीत. काही फक्त जीव धोक्यात असेल तेव्हा, प्रकृती स्थिर होईपर्यंत आणि ठराविक रकमेपर्यंतच देतात. वर एक लाख डॉलर छापलेले असले तरी साठीपुढच्यांसाठी एकेका आजाराची मर्यादा आत बारीक अक्षरात बरीच कमी असू शकते. मी तर म्हणेन, वरचा आकडा बघण्याआधी ते बारीक अक्षर वाचा, आणि जुन्या आजाराला निदान काही संरक्षण देणारी पॉलिसी महाग असली तरी तीच घ्या.

मुलं कधी कधी तिकडचीच पॉलिसी घेतात. त्यात स्वस्त दिसणारी बहुधा 'फिक्स्ड बेनिफिट' प्रकारची असते. प्रत्येक उपचारासाठी ठरलेली रक्कम मिळते, वरचा फरक आपला. काही पॉलिसी जुना आजार अचानक उफाळला तर खर्च देतात. पण उपचार बहुधा चोवीस तासांत सुरू व्हावे लागतात, आणि वयाचीही अट असते. नेहमीची तपासणी आणि गोळ्या त्यात धरत नाहीत. म्हणून औषधं पुरेशी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इथूनच न्यावीत.

पॉलिसीवर मदत केंद्राचा फोन नंबर असतो. रुग्णालयात दाखल होण्याआधी, ते जमलं नाही तर लगेच नंतर, तिथे कळवायचं असतं. हा फोन बहुधा जावई करणार, तेव्हा पॉलिसीची एक प्रत त्याच्याकडेही हवी. बाळ लहान आहे म्हणून मुक्काम वाढला, तर मुदतवाढीचा अर्ज पॉलिसी संपण्याच्या आत करावा लागतो, आणि त्यातही तब्येतीचा प्रश्न बहुधा पुन्हा विचारलेला असतो.