पत्र्याची कार्डडबी



पूर्वी खिशात चंची असायची आणि चार सुटे पैसे. आता त्या जागी बँकेचे कार्ड आले, आधारचे कार्ड आले. ही कार्डे प्लॅस्टिकची, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. कार्ड खिशात ठेवून माणूस दिवसभर वाकतो, उठतो, बसतो, आणि कार्डही त्याच्याबरोबर वाकते. वाकून वाकून एक दिवस ते तडकते. बँकेच्या कार्डावरची सोनेरी चिप निकामी झाली, की तालुक्याला हेलपाटा ठरलेलाच. यावर घरी करण्याजोगा उपाय म्हणजे सरकत्या झाकणाची पत्र्याची डबी. तेलाचा रिकामा डबा घरात असेल तर खर्च जवळजवळ नाहीच.

तेलाच्या डब्याचा पत्रा लोखंडाचा असतो आणि त्यावर कथलाचा पातळ थर असतो. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तेच हे कथील. डबा साबणाने धुऊन कोरडा करा. हत्यारे थोडीच लागतात : पत्रा कापायची कातर, बारीक कानस, लाकडी हातोडा, पॉलिशपेपर, पट्टी आणि एक खिळा. शिवाय ५७ मिलिमीटर रुंद, ९० मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर जाड असा प्लायवूडचा तुकडा घ्या. हा आपला साचा.

आता मापे. कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब आणि सुमारे ५४ मिलिमीटर रुंद असते. डबीसाठी ९० बाय १०२ मिलिमीटरचा पत्रा घ्या आणि त्यावर खिळ्याने रेघा ओढा. ९० च्या बाजूवर डावीकडून क्रमाने ५, ६, ५, ५८, ५, ६, ५ अशा खुणा करा. मधले ५८ म्हणजे डबीचा तळ. त्याच्या दोन्ही अंगांचे ५ म्हणजे भिंती, पुढचे ६ म्हणजे झाकण धरून ठेवणारे ओठ आणि शेवटचे ५ म्हणजे दुमड. १०२ च्या बाजूवर वरून ४, ९०, ४, ४ अशा खुणा करा. मग चारही कोपरे कापून टाका : वरचे दोन १६ बाय ४ आणि खालचे दोन १६ बाय ८. झाकणासाठी वेगळा ६६ बाय ९८ चा तुकडा घ्या. त्याला चहूबाजूंनी ५ ची दुमड ठेवा आणि ५ बाय ५ चे कोपरे उडवा. हे सारे आधी पुठ्ठ्यावर करून पाहावे. पुठ्ठ्यात चूक झाली तर पत्रा वाया जात नाही.

यानंतरचे काम नीट ध्यानात घ्या, कारण सगळी डबी त्यावर उभी आहे. कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. ती तशीच ठेवली तर खिसा फाटेल, बोटही फाटेल. म्हणून सर्वांत आधी दुमडी घालायच्या : ओठांच्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, वरच्या तोंडाची मात्र बाहेरच्या बाजूला. हातोड्याने ठोकून त्या सपाट करा. दुमडीने धार मरते आणि पत्रा ताठही होतो. मुलांना हे कागदावर दाखवा. वहीचा सुटा कागद एका टोकाला धरला तर लवतो. त्याच्या कडा दुमडल्या की तोच कागद ताठ राहतो.

मग टेबलाच्या काठावर ओठ काटकोनात वळवा. तळावर साचा ठेवून भिंती उभ्या करा आणि ओठ साच्यावर येऊ द्या. खालच्या टोकाची ४ मिलिमीटरची पट्टी उभी केली की बूड तयार झाले. ती दोन्ही अंगांना अडत असेल तर केसभर कानसा. उरलेली टोके गोल करून पॉलिशपेपर फिरवा. साचा ओढून काढा, तीन कार्डे ठेवा आणि ओठांखालून झाकण सरकवा. मोटारसायकलच्या फाटक्या ट्यूबचे बोटभर रुंद कडे कापून ते डबीवर लांबीच्या दिशेने चढवा, म्हणजे झाकण हलणार नाही. जिथे कापले-घासले तिथे लोखंड उघडे पडते आणि पावसाळ्यात गंजते. तिथे वॉर्निशचा हात फिरवावा.

ज्या बँक-कार्डावर चार वक्र रेघांची खूण असते, ते यंत्राजवळ नुसते धरले तरी पैसे जातात. १ जानेवारी २०२१ पासून अशा एका व्यवहारात पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत रक्कम देता येते. हे काम रेडिओलहरींचे. पत्र्याच्या बंद डबीतल्या कार्डापर्यंत त्या पोचत नाहीत. खात्री करायची असेल तर चालू ट्रान्झिस्टर पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावा. स्टेशन हरवेल आणि उरेल ती खरखर. पण डबी लहरी अडवते, आपली जीभ अडवत नाही. फोनवर कुणी पिन विचारला आणि आपण सांगितला, तर तिजोरीही उपयोगाची नाही.

शेवटी दोन गोष्टी जिवाच्या आहेत. शाळेत पत्रा शिक्षकांनीच कापावा, मुलांच्या हाती दुमड घातलेला तुकडाच द्यावा. पत्रा लागून जखम झालीच तर साबणपाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दुसरे असे, की कापलेले बारीक तुकडे मोजून डब्यात भरा, अंगणात पडू देऊ नका. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही. वैरणीबरोबर गेलेला पत्रा किंवा तार तिच्या दुसऱ्या पोटात अडकते, आणि तिथून हृदय फार दूर नसते. टोक तिकडे घुसले तर दुभते जनावर हातचे जाते. कार्ड जपायला निघालो आणि गोठा रिकामा झाला, असे होता कामा नये. आधी अंगण झाडा आणि मगच नवी डबी खिशात घाला.